दिवाळीत कुत्र्या-मांजरांना खरा धोका फराळाच्या ताटाजवळ असतो

ठाण्याहून एका ताईंनी विचारलं आहे: "आमच्याकडे तीन वर्षांचा लॅब्रडॉर आहे, वजन २८ किलो. शिवाय दीड वर्षाची मांजर. यंदा सासरची दहा-बारा माणसं दिवाळीला आमच्या फ्लॅटमध्ये येणार आहेत. फटाक्यांची धास्ती आहेच, पण घरात नेमकं काय जपायचं? सासूबाई म्हणतात, गावाकडे कुत्र्यांना आम्ही लाडू-चकल्या घालतच आलो, कधी काही झालं नाही. त्यांना काय सांगू?"

ताई, प्रश्न वेळेत विचारलात. गेली बावीस वर्षं मी कुत्र्या-मांजरांवर उपचार करतोय आणि दरवर्षी दिवाळीत माझ्याकडे दोन तऱ्हेचे रुग्ण येतात. पहिले फटाक्यांना घाबरलेले. त्यांना लोक लगेच घेऊन येतात, कारण थरथर दिसते, लाळ गळताना दिसते. दुसरे काहीतरी खाल्लेले. ते उशिरा येतात, कारण खाल्ल्यावर पहिले काही तास जनावर ठणठणीत असतं. शेपूट हलवतं, दारावर बेल वाजली की धावतं. घरचे म्हणतात, "बघू, काही झालं तर नेऊ." मी जे रुग्ण गमावले ते बहुतेक या दुसऱ्या गटातले. म्हणून पुढचं सगळं वाचताना एवढं धरून ठेवा: घरातली बरीच विषं आधी गप्प बसतात. लक्षण दिसेपर्यंत थांबलात तर उपचाराची सगळ्यात चांगली वेळ हातातून गेलेली असते.

सुरुवात लाडवापासूनच करतो. आपल्याकडे रव्याच्या आणि बेसनाच्या लाडवावर एकेक बेदाणा दाबून बसवतात. चिवड्यात बेदाणे, करंजीच्या सारणात बेदाणे, सुक्या मेव्याच्या डब्यात मनुके, घरी केलेल्या चॉकलेटातही तेच. द्राक्षं, बेदाणे, मनुके कुत्र्याच्या मूत्रपिंडाला विषारी असतात. सगळ्याच कुत्र्यांना सारखे नाही, आणि घोटाळा तिथेच होतो. एखाद्या कुत्र्याला मूठभर खाऊनही काही होत नाही, दुसऱ्याची मूत्रपिंडं त्याहून कमी बेदाण्यांनी बंद पडतात. इतके चालतील, असा सुरक्षित आकडा ठरलेलाच नाही. का होतं याचा उलगडा बरीच वर्षं होत नव्हता. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या प्राणी-विषबाधा तज्ज्ञांनी द्राक्षातल्या टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. हेच आम्ल आपल्या चिंचेत भरपूर असतं. म्हणून भेळेची चिंचेची चटणी आणि चिंचेचा कोळसुद्धा कुत्र्यापासून लांब ठेवा.

एका भाऊबीजेची संध्याकाळ मला विसरता येत नाही. एक स्पॅनियल आला. "काल दुपारी डब्यातले पाच-सहा रव्याचे लाडू खाल्ले, रात्री एकदा उलटी झाली, सकाळपासून जरा मलूल आहे, बाकी ठीक." मी विचारलं, लघवी कधी केली? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. पाहुण्यांच्या गडबडीत ते कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. टेबलावर त्याला पुन्हा उलटी झाली, त्यात दोन बेदाणे होते. टम्म फुगलेले, अख्खे, जणू आत्ताच भिजत घातलेले. चोवीस तासांहून जास्त वेळ ते पोटात होते. चार दिवस सलाईनवर ठेवला, पण लघवी परत सुरू झाली नाही. लाडू खाल्ले त्याच दुपारी आणला असता तर उलटी करवून पोट रिकामं करता आलं असतं. बेदाणे पोटात बराच वेळ रेंगाळतात, त्यामुळे चार-सहा तासांनीही ते काढता येतात. नंतर दोन दिवस सलाईन आणि तीन दिवस रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं नीट चालतात का ते सांगणारी तपासणी, बघत राहिलं की बहुतेक कुत्री सुखरूप घरी जातात.

फराळातल्या बाकीच्या गोष्टींबद्दल थोडक्यात. चकली, शेव, शंकरपाळे एखाद-दुसरा तुकडा म्हणून विषारी नाहीत. पण तुपातेलाचं एवढं खाणं एकदम पोटात गेलं की स्वादुपिंडाला सूज येते. कुत्रं पुढचे पाय पसरून छाती जमिनीला टेकवतं आणि मागचा भाग उंच ठेवून उभं राहतं, पोटाला हात लावू देत नाही. असं दिसलं तर ते आळस देतंय असं समजू नका. तळणीचं उरलेलं तेल ओट्यावर उघडं ठेवू नका. कांदा आणि लसूण, मग ते चिवड्यातले तळलेले असोत की कोरडे, रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. त्याचा परिणाम तीन-चार दिवसांनी हिरड्या पांढऱ्या पडल्यावर दिसतो. मांजर कुत्र्यापेक्षा कितीतरी कमी कांद्याला बळी पडते.

चॉकलेटबद्दल आता बहुतेकांना माहीत असतं, पण किती म्हणजे धोका हे माहीत नसतं, आणि रात्री अकरा वाजता नेमका तोच प्रश्न पडतो. त्यातलं विष म्हणजे थिओब्रोमिन. साध्या दुधाच्या चॉकलेटमध्ये ते ग्रॅममागे सुमारे २ मिलिग्रॅम असतं. डार्कमध्ये ५ किंवा त्याहून जास्त, कोको पावडरमध्ये आणखी कितीतरी जास्त. पांढऱ्या चॉकलेटमध्ये जवळजवळ नसतंच. कुत्र्याच्या वजनाला किलोमागे २० मिलिग्रॅम पोटात गेलं की उलट्या-जुलाब आणि अस्वस्थपणा सुरू होतो, ४० ते ५० वर हृदयाचे ठोके बिघडतात, ६० च्या पुढे झटके येतात. तुमच्या २८ किलोच्या लॅब्रडॉरचा हिशेब केला तर दुधाचं चॉकलेट सुमारे २८० ग्रॅम किंवा डार्क ११० ग्रॅम पोटात गेलं की त्रास सुरू होईल. ५ किलोच्या पॉमेरेनियनला डार्कचे २० ग्रॅम पुरतात. लॅब्रडॉरनं एखादी वडी खाल्ली म्हणून घाबरून जाऊ नका. पण भेट आलेला अख्खा डबा रिकामा दिसला तर थांबू नका, त्यातही आत बेदाणे असतील तर अजिबात नाही.

मधुमेही पाहुणे असतील तर 'शुगर फ्री' मिठाई आणि च्युइंगमकडे बघा. सगळ्यांत नसतं, पण काहींमध्ये झायलिटॉल नावाची गोडी असते. माणसाला ती निर्धोक, कुत्र्यात मात्र अर्ध्या तासात रक्तातली साखर धाडकन खाली येते. किलोमागे ०.१ ग्रॅम पुरतं. जास्त गेलं तर यकृतही जातं. दिवाळीतल्या विषांपैकी गप्प न बसणारं हे एक. कुत्रं झोकांड्या खाऊ लागलं आणि बाहेर पडायला वेळ लागणार असेल, तर हिरड्यांना मध किंवा साखरेचं घट्ट पाणी चोळत दवाखाना गाठा.

आता पाहुण्यांच्या पिशव्या. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण इथे कोणाचं लक्षच नसतं. दहा-बारा माणसं राहायला येतात म्हणजे दहा-बारा पर्स आणि बॅगा जमिनीवर, खाटेखाली, सोफ्यापाशी. त्यांत रक्तदाबाच्या गोळ्या, थायरॉईडच्या गोळ्या, सांधेदुखीच्या गोळ्या. लॅब्रडॉर गोळ्यांची पट्टी चघळतो, त्याला त्या प्लास्टिकचा कुडकुड आवाज आवडतो. माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या, आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक, कुत्र्याच्या पोटात व्रण पाडतात आणि मूत्रपिंडं निकामी करतात. एक खोली किंवा एक कपाट पाहुण्यांच्या सामानाला द्या आणि दार ओढून घ्या. एवढं केलंत तरी निम्मं काम झालं.

आणि मांजरीच्या बाबतीत एक औषध असं आहे की त्याचं नाव मी दवाखान्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय: पॅरासिटामॉल. दिवाळीत थंडी सुरू होते, मांजर शिंकते, अंग गरम लागतं आणि घरातलं कोणीतरी मायेनं अर्धी गोळी दुधातून देतं. अर्धी गोळी म्हणजे २५० मिलिग्रॅम. ४ किलोच्या मांजरीला ती किलोमागे ६० च्या वर जाते, आणि मांजरीला किलोमागे १० मिलिग्रॅमनंही विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. हे औषध मोडून बाहेर टाकण्याची मांजरीच्या यकृताची ताकद फारच तोकडी असते. काही तासांत रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं. अशी एक मांजर मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिचा जबडा उघडला आणि हिरड्या चॉकलेटच्या रंगाच्या होत्या. चेहरा आणि पंजे सुजलेले, श्वास तोंडानं. नळीतून काढलेलं रक्तही तपकिरी होतं. यावर उतारा आहे, एन-ॲसिटिलसिस्टीन, पण तो लवकर मिळाला तरच. मांजरीला पॅरासिटामॉलचा सुरक्षित डोस नाही. लहान मुलांचं सिरपसुद्धा नाही. घरातल्या प्रत्येकाला हे एकदा स्पष्ट सांगा, कारण गोळी देणारा माणूस नेहमी तिच्यावर जीव असलेलाच असतो.

मांजरीचा विषय निघालाच आहे तर फुलांकडे वळू. झेंडूचं तोरण, शेवंती, आंब्याची-अशोकाची पानं यांची फार काळजी नको. जपायचं ते पाडव्याला भेट येणाऱ्या गुच्छातल्या लिलीला. गुलाबी, पांढरी, केशरी, मोठ्या पाकळ्यांची, परागांनी भरलेली. तिचं पान, पाकळी, फुलदाणीतलं पाणी, एवढंच काय, अंगावर सांडलेले पराग चाटूनही मांजरीची मूत्रपिंडं दोन-तीन दिवसांत बंद पडतात. पहिल्या दिवशी दोन-तीन उलट्या होतात, मग ती बरी झाल्यासारखी वाटते आणि तिथेच माणसं फसतात. अंगावर पराग दिसले तर ओल्या फडक्यानं लगेच पुसा, चाटू देऊ नका आणि तडक निघा. लोक विचारतात म्हणून सांगतो, आपला निशिगंध या कुळातला नाही. पण एकेक नाव लक्षात ठेवण्यापेक्षा मांजर असलेल्या घरात लिलीचा गुच्छ आत आणूच नये. आलाच तर दारातूनच शेजाऱ्यांना द्या. आणखी एक, पूजेच्या पिवळ्या आणि लाल कण्हेरीचा परिणाम थेट हृदयावर होतो आणि तो कुत्रं, मांजर, गाय, माणूस सगळ्यांना सारखाच.

मग दोरा. हारातला, गजऱ्यातला, मिठाईच्या खोक्याचा, आकाशकंदिलाचा. मांजरीची जीभ खरखरीत असते आणि तिच्यावरचे काटे घशाकडे वळलेले असतात. एकदा दोरा तोंडात गेला की तिला तो थुंकता येत नाही, गिळतच जाते. बऱ्याचदा त्याचं एक टोक जिभेच्या मुळाशी अडकतं आणि बाकीचा दोरा आतड्यात जातो. आतडं त्या दोऱ्यावर नाड्यात ओवल्यासारखं चुणत जातं आणि कापलं जातं. तोंडातून किंवा मागून दोऱ्याचं टोक लोंबताना दिसलं तर ओढू नका. कितीही सोपं वाटलं तरी नका. तसंच मांजर घेऊन या. कुत्र्यांची याच जातीची आवड म्हणजे तुपात भिजवलेल्या फुलवाती. देवघराच्या खालच्या फळीवर फुलवातींची डबी ठेवू नका. कापूस पचत नाही, साठतो आणि आतडं तुंबवतो.

बॅटरीवरच्या पणत्या आता सगळीकडे आहेत. आग लागत नाही म्हणून लोक त्या निर्धास्तपणे जमिनीवर ठेवतात. पण त्यांच्या तळाशी बटणासारखा सेल असतो. तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांच्या आत तिथं खोल भाजतं, पुढे भोकही पडतं. चावलेली पणती सापडली आणि सेल सापडला नाही तर तो पोटात गेला असंच धरा आणि एक्स-रेला या. खऱ्या पणत्या कुत्र्याच्या शेपटीच्या आणि मांजरीच्या उडीच्या टप्प्याबाहेर ठेवा. रांगोळी विषारी म्हणून क्वचितच त्रास देते, डोळ्यांत गेली तर मात्र भरपूर पाण्यानं धुवा.

दिवाळीआधीची साफसफाई हा वेगळाच काळ. माळ्यावरून जुनी उंदीर मारायची वडी खाली पडते, कपाटातून डांबरगोळ्या निघतात, लादी फिनाईलनं पुसली जाते. ओल्या लादीवरून मांजर चालते आणि मग पंजे चाटते. फिनाईलसारखी द्रव्यं मांजरीला झेपत नाहीत, म्हणून लादी पूर्ण वाळेपर्यंत तिला दुसऱ्या खोलीत ठेवा. उंदराच्या औषधांत दोन मुख्य प्रकार. ब्रोमाडिओलोनसारखी औषधं रक्त गोठू देत नाहीत. खाल्ल्यावर तीन ते पाच दिवस काहीच दिसत नाही, मग एके दिवशी नाकातून रक्त किंवा नुसतीच धाप. वेळेत आलं तर व्हिटॅमिन के-१ च्या गोळ्या तीन-चार आठवडे देऊन कुत्रं पूर्ण बरं होतं. दुसरं, झिंक फॉस्फाइडची काळी-राखाडी पूड. ती पोटातल्या आम्लात मिसळली की विषारी वायू तयार होतो. तिच्यावर दूध किंवा भाकरी घातलीत तर आम्ल वाढतं आणि विष आणखी भडकतं. गाडीत उलटी झाली तर काचा खाली करा, तो वायू तुमच्यासाठीही घातक आहे. दोन्हींचे उपचार इतके वेगळे की वडीचं पाकीट सोबत असणं फार मोलाचं.

फटाक्यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी दोन-तीन गोष्टी घराशी जोडलेल्या आहेत. एरवी आम्ही सांगतो, कुत्र्याला पहाटे फिरवून आणा, तेव्हा शांत असतं. नरकचतुर्दशीला हा सल्ला उलटा पडतो, कारण अभ्यंगस्नान झालं की पहाटेच आवाज सुरू होतात. त्या दिवशी दुपारी फिरवा, आणि लक्ष्मीपूजनाला दिवस मावळायच्या बरंच आधी घरी परत या. लॅब्रडॉर फेकलेली वस्तू तोंडात घेऊन आणणारी जात. पेटता फटाका उचललेल्या कुत्र्यांना मी टाके घातलेले आहेत. तुम्ही फटाके उडवत असाल तेव्हा तो आत आणि दार लावलेलं असू द्या. विझलेल्या फुलबाज्यांच्या तारा पाण्याच्या बादलीत टाका. दहा-बारा पाहुण्यांमध्ये दार सतत उघडं राहतं, नेमका तेव्हाच मोठा आवाज होतो आणि कुत्रं जिन्यातून सुटतं. गळपट्ट्यावर मोबाईल नंबर लिहा, आजच. बाल्कनीला जाळी नसेल तर मांजरीला त्या दिवसांत एका बंद खोलीत ठेवा, तिची मातीची पेटी आणि लपायला एखादं खोकं तिथेच. घाबरट जनावरासाठी औषधं आहेत आणि ती चांगली आहेत, पण डॉक्टरांकडून आधी घेऊन साध्या दिवशी एकदा देऊन बघा. जुन्या चिठ्ठीवरची झोपेची गोळी शोधून देऊ नका. काही औषधांनी अंग ढिलं पडतं, मनातली भीती तशीच राहते आणि बिचाऱ्याला पळताही येत नाही.

समजा, इतकं करूनही काही खाल्लंच. घड्याळ बघा आणि वेळ लिहा. तोंडात उरलेलं काढा. पाकीट, गोळ्यांची रिकामी पट्टी, चावलेलं पान, उलटी झाली असेल तर तिचा फोटो, जे मिळेल ते पिशवीत घाला. निघता निघता दवाखान्याला फोन करून वजन, काय खाल्लं, किती आणि कधी, एवढं सांगा. मिठाचं पाणी पाजू नका. घरोघरी हा उपाय चालतो आणि त्यानं रक्तातलं मीठ वाढून कुत्री झटके येऊन गेलेली मी पाहिली आहेत. दूध, तूप, कोळसा, लिंबूपाणी, काहीही नको. घशात बोटं घालून उलटी काढायचा प्रयत्नही नको. ॲसिड, रॉकेल, टर्पेंटाईन किंवा सेल पोटात गेला असेल तर उलटी करवणंच घातक, आणि पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांत उलटी फुफ्फुसात जाते. उलटी करवायची की नाही, हे आम्हाला ठरवू द्या. आमच्याकडे त्यासाठी इंजेक्शन असतं आणि ते काही मिनिटांत काम करतं. लक्ष्मीपूजनाला आणि पाडव्याला पुष्कळ दवाखाने बंद असतात. म्हणून वसुबारसेच्या आधीच दोन ठिकाणी फोन करून विचारा, या चार दिवसांत रात्री कोण असणार आहे. ते नंबर फ्रिजवर चिकटवा, फक्त तुमच्या फोनमध्ये ठेवू नका, कारण त्या वेळी घरात कदाचित सासूबाईच असतील.

सासूबाईंना तुम्ही चुकीचं ठरवू नका. त्या सांगतात ते त्यांनी पाहिलेलंच आहे. गावाकडच्या कुत्र्याला लाडवाचा एक तुकडा मिळायचा, दिवसभर ते शेतावर पळायचं. आठवड्यानं गोठ्यामागं मेलेलं सापडलं तर त्याचा त्या लाडवाशी संबंध जोडायचं कारणच कोणाला नव्हतं, ना कुठली रक्ततपासणी. इथे बारा पाहुणे आहेत, प्रत्येक जण कौतुकानं एकेक देणार, आणि कुत्रं फ्लॅटमध्ये बसलेलं. त्यांना मी असं सांगेन: आजी, खाऊ घालायची हौस तुम्ही पुरवाच. लाल भोपळा किंवा रताळं मीठ-मसाला न घालता उकडा, बोटाच्या पेराएवढे तुकडे करा आणि दारापाशी डब्यात ठेवा. दिवसभरासाठी एक वाटी, त्याहून जास्त नाही. पाहुणा आला की त्यानं कुत्र्याला त्यातलाच तुकडा द्यायचा, आणि डबा तुमच्या ताब्यात राहील. मांजरीला उकडलेल्या कोंबडीचे दोन-तीन तुकडे, हाडं काढून. आणि लाडू वळताना बेदाणे वरून न लावता वाटीत वेगळे ठेवा, ज्याला हवे तो घेईल.